'ग' प्रत

"ही 'ग' प्रत कोणती?"

बाईंनी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातली एक तळटीप पेन्सिलीने अधोरेखित केली होती आणि समासात एक छोटे प्रश्नचिन्ह काढले होते. २००९ चा जून महिना होता. पाऊस लांबला होता आणि माझ्या नोंदणीची मुदत संपायला चार महिने उरले होते. अठराव्या शतकातल्या एका अल्पज्ञात आख्यानाच्या चार हस्तलिखित प्रती मी तीन वर्षे वाचत होते. त्यांना मी अ, ब, क आणि ड अशी संकेताक्षरे दिली होती. 'ग' नावाची प्रत नव्हती. ती मी कधी पाहिली नव्हती, कारण ती अस्तित्वातच नव्हती. आणि तरीही माझ्याच तळटीपेत, माझ्याच हातून टंकलेल्या मजकुरात, ती एका ओवीचा पाठ शांतपणे सांगत होती.

"टंकनदोष असेल, बाई," मी म्हटले. बाईंनी मान डोलावली. पण घरी परतताना लोकलमध्ये मला एक गोष्ट खटकत राहिली. मी ज्या कळफलकावर टंकते त्यावर 'क' आणि 'ग' शेजारी नाहीत. बोट घसरून एकाचे दुसरे होण्याची शक्यता फारशी नव्हती.

पाठचिकित्सा करणाऱ्याला चुकांविषयी एक विचित्र आस्था असते. चूक कशी झाली हे कळले तर ती कोणी केली हे कळते, आणि कोणी केली हे कळले की प्रतींचे आपसातले नाते उलगडते. लेखनिकाची नजर एका ओळीवरून खालच्या ओळीतल्या तशाच शब्दावर गेली, की मधला मजकूर गळतो. ऐकून लिहिणारा कानाच्या चुका करतो, पाहून लिहिणारा डोळ्याच्या. हे सारे मी विद्यार्थ्यांना शिकवत होते. ही चूक मात्र कानाचीही नव्हती आणि डोळ्याचीही नव्हती. मग ती कोणाची होती?

तिचे मूळ शोधायचे तर दोन वर्षे मागे जावे लागते.

२००७ साली माझ्या मावसभावाने मला संगणक जोडून दिला. तो तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. लॅमिंग्टन रोडवर – पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले तरी कोणी तसे म्हणत नाही – आम्ही एक अख्खा शनिवार हिंडलो. एएमडीचा २.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, त्याला शोभेलसा मदरबोर्ड आणि डीडीआर२-८०० जातीच्या एकेक जीबीच्या दोन रॅम-पट्ट्या. दुकानदाराने पट्ट्या हातावर ठेवल्या तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, यांच्यावर आठशे लिहिलंय, पण तुझ्याकडे या सातशे तेहतीसनेच चालणार."

मला तो दुकानदाराचा लबाडपणा वाटला. तसे नव्हते. एएमडीने २००३ सालापासून स्मृतीचा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच बसवला होता आणि त्या पिढीत स्मृतीची गती प्रोसेसरच्या गतीला पूर्णांकाने भागून ठरे. २२०० ला ५ ने भागले तर ४४० येतात, म्हणजे मर्यादेबाहेर. म्हणून ६ ने भागायचे. येतात ३६६ आणि थोडे. दर ठोक्याला दोनदा देवाणघेवाण होते म्हणून ७३३. पट्टी आठशेची, पण ज्या घरात ती सून म्हणून आली त्या घराचा भागाकार असा, की तिला आठशेने चालताच येऊ नये.

त्या घरात ती सुखाने नांदली. २००८ च्या पावसाळ्यात मदरबोर्ड गेला. भावाने स्वस्तात मिळालेला इंटेलचा पेन्टियम ई२१६० आणि पी३५ चिपसेटचा बोर्ड आणला. पट्ट्या त्याच राहिल्या. डीडीआर२ च्या पट्टीला २४० टोके असतात आणि डीडीआर३ लाही २४०च. पण खाच वेगळ्या जागी असते, आणि एकीला १.८ व्होल्ट लागतात तर दुसरीला दीड. खाच जुळली म्हणजे पट्टी बसते. आपण समजतो की जुळली म्हणजे जमली. खाच एवढेच सांगते की चुकीची पट्टी आत जाणार नाही. बरोबर पट्टी नीट चालेल असे वचन ती देत नाही.

इंटेलच्या त्या पिढीत स्मृतीचा नियंत्रक प्रोसेसरमध्ये नव्हता, बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये होता. तिथे गती भागाकाराने नव्हे, गुणोत्तराने ठरे. माझा प्रोसेसर मुळात २०० ला ९ ने गुणून १.८ गिगाहर्ट्झवर चालणारा. भावाने २०० चे ३३३ केले. ३ गिगाहर्ट्झ झाले. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात आणि तो काळ त्याच्या वेडाचा होता. स्वस्त प्रोसेसर घेऊन त्याच्याकडून महागाचे काम करून घेणे यात विद्यार्थ्यांना एक न्यायाचा आनंद मिळे. आता स्मृतीचे गुणोत्तर निवडायचे होते. एकास एक ठेवले असते तर पट्ट्या ६६७ वर चालल्या असत्या. पाचास सहा ठेवले असते तर बरोबर ८००. भावाने चारास पाच निवडले: ८३३. शिवाय रॅमचा प्रतीक्षाकाळ पाच ठोक्यांवरून चारवर आणला आणि व्होल्टेज थोडे वाढवले. पूर्वी ३६६ च्या गतीने पाच ठोके म्हणजे सुमारे १३.६ नॅनोसेकंद थांबणाऱ्या त्या चिपांना आता ९.६ नॅनोसेकंदांत उत्तर द्यायचे होते. ज्या आकड्याची हमी त्यांच्यावर छापलेली होती त्या आकड्याने त्या आयुष्यात कधी चालल्याच नाहीत. आधी त्याच्या खाली, मग त्याच्या वर.

डिसेंबरातल्या एका रात्री त्याने तीन तास मेमटेस्ट चालवून पाहिला. एकही चूक आली नाही. सगळे आकडे एका चिठ्ठीवर लिहून त्याने ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि जाताना म्हणाला, "ताई, महिन्यातून एकदा रात्रभर ही चाचणी लावत जा. आणि उन्हाळ्यात तर नक्कीच."

मी "हो" म्हटले.

रॅमची स्मृती ही मुळात विसरण्याची यंत्रणा आहे हे मला पुष्कळ नंतर कळले. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली जिचे पेटंट मिळाले ती रचना अगदी साधी आहे: एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला विद्युतसंचायक. संचायकात भार असला तर १, नसला तर ०. पण हा भार गळत राहतो. म्हणून सर्वसाधारण तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर ही मुदत निम्मी करतात. उष्णतेने विसरणे वाढते आणि गारव्याने कमी होते. २००८ साली प्रिन्स्टनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद रेंगाळतो, आणि चिप खूप गार केली तर कित्येक मिनिटे. वाचन हीसुद्धा इथे निरुपद्रवी क्रिया नव्हे: ओळ वाचली की तिचा भार विस्कटतो, म्हणून वाचलेले लगेच परत लिहावे लागते. पोथीची झिजलेली पाने नव्याने उतरवून ठेवणाऱ्या लेखनिकासारखे हे काम सेकंदाला अनेकदा, न थांबता चालू असते. आणि जिथे सतत नक्कल चालते तिथे पाठभेद आलाच.

त्या रात्री घरी आल्यावर मी 'क' आणि 'ग' यांचे युनिकोड क्रमांक शोधले. क म्हणजे २३२५ आणि ग म्हणजे २३२७. फरक दोनाचा. द्विमान पद्धतीत लिहिले तर उजवीकडून दुसऱ्या स्थानावरचा एकच अंक, ० चा १ झालेला.

मग मी माझी प्रतिलिपी आणि हस्तलिखितांची छायाचित्रे समोरासमोर घेऊन बसले. नऊ रात्री लागल्या. तेवीस ठिकाणे सापडली. 'चरण'चे 'चलण' झाले होते: र म्हणजे २३५२, ल म्हणजे २३५४. 'नाम'चे 'पाम' झाले होते. एका ठिकाणी दीर्घ वेलांटीच्या जागी दीर्घ उकार आला होता. प्रत्येक ठिकाणी तोच दोनाचा फरक आणि दिशाही तीच, ० कडून १ कडे.

यांतली बहुतेक ठिकाणे निरर्थक होती आणि निरर्थक चूक उपकारक असते. ती स्वतःहून ओरडते. भीती अर्थपूर्ण चुकांची असते. देवनागरीचे युनिकोड क्रमांक वर्णमालेच्या क्रमाने लावलेले आहेत, आणि वर्णमाला तर आपल्या वैयाकरणांनी उच्चारस्थानांवरून रचलेली. वर्गातल्या पहिल्या व्यंजनात दोन मिळवले की त्याच वर्गातले मृदू व्यंजन येते. म्हणजे माझ्या रॅममधली एक कमकुवत तार क चा ग करत होती आणि त चा द करत होती. प्राकृतांनी दोन स्वरांमध्ये सापडलेल्या कठोर व्यंजनांचे जे केले, अगदी तेच. 'प्रकट'चे 'प्रगट' हे तर जुन्या मराठीत जागोजाग भेटणारे रूप.

आणि माझे चौथे प्रकरण याच गोष्टीवर उभे होते. 'ब' प्रतीचा लेखनिक पाहून नव्हे तर ऐकून लिहीत असावा आणि त्याच्या बोलीत कठोर व्यंजने मृदू होत असावीत, असा माझा सिद्धांत होता. त्यासाठी मी चौदा स्थळे दिली होती. एका परिसंवादात हा भाग वाचला होता. त्याचे कौतुक झाले होते. छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर चौदांपैकी नऊ खरी निघाली. उरलेली पाच लेखनिकाने लिहिलीच नव्हती. पोथीत स्वच्छ, ठसठशीत 'प्रकट' होते.

खरे सांगायचे तर ती पाच स्थळे मला आधीच ओळखू यायला हवी होती. नऊ खऱ्या स्थळांमध्ये ट चा ड होता आणि प चा ब होता. पाच खोट्यांमध्ये फक्त क आणि त. ज्याच्या जिभेला मार्दवाची सवय आहे तो ट आणि प यांनाच नेमके वगळणार नाही. यंत्राला मात्र च, ट आणि प यांचे काहीच करता येत नव्हते, कारण त्यांच्या क्रमांकांत तो दुसरा अंक मुळातच १ आहे. पुरावा समोर होता. पण तो मला हवा होता तसाच होता, म्हणून मी त्याची उलटतपासणी केली नाही.

भावाला बोलावले. त्याने रात्रभर मेमटेस्ट लावला. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग होती, आणि चुकलेल्या बिटांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा: शेवटी २. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग त्याने गुणोत्तर बदलून गती ८०० वर आणली, प्रतीक्षाकाळ पुन्हा पाच ठोक्यांचा केला आणि चाचणी परत लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही चूक नव्हती. त्याच पट्ट्या, तोच बोर्ड, तेच तापमान.

"पट्टी खराब नाही, ताई," तो म्हणाला. "बोर्डही खराब नाही. या दोघांचं या गतीला जमत नाही, एवढंच."

मी त्याच्यावर चिडले. माझी तीन वर्षे, माझा प्रबंध, तुझा खेळ – असे काहीबाही बोलले. त्याने "तीन तास चाचणी केली होती, ताई" एवढेच म्हटले, आणि तो खरे बोलत होता. डिसेंबरातले तीन तास आणि मे महिन्यातल्या डोंबिवलीच्या पत्र्याखालच्या खोलीतल्या दुपारी यांत किती अंतर असते, हे त्याला माहीत होते. म्हणूनच त्याने ती चिठ्ठी चिकटवली होती.

आजवर जे कोणाला सांगितले नाही ते असे. मे महिन्यात संगणक दोनदा आपोआप बंद पडून सुरू झाला होता. चाचणी लावायला हवी हे मला आठवले होते. पण रात्रभर यंत्र अडकवून ठेवणे म्हणजे एका रात्रीचे काम बुडणे, म्हणून मी ती लावली नाही. डिसेंबरनंतर एकदाही लावली नव्हती. त्या सकाळी भावासमोर मी हे बोलले नाही. त्याची चूक आणि माझी चूक यांची बेरीज मी एकट्या त्याच्या खात्यावर मांडली. तो त्यानंतर बराच काळ आमच्याकडे आला नाही.

लेखनिकांच्या पुष्पिकांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले. जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये, अशा अर्थाचा श्लोक शेकडो पोथ्यांच्या शेवटी असतो. वर्गात तो वाचून दाखवताना आम्ही हसत असू. पण तो श्लोक लिहिणाऱ्याला नकलेतल्या धोक्याची जाणीव तरी होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती नकलांमध्ये पाठ बिघडल्याचे दिसले म्हणूनच. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. अनेक प्रती एकमेकींशी ओवी ओवीने, श्लोक श्लोकाने ताडून पाहण्याखेरीज त्या कामाला दुसरा मार्ग नव्हता. त्याच्याही आधी वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीतींनी तेच शब्द निरनिराळ्या क्रमाने पुन्हापुन्हा म्हणून चूक पकडण्याची सोय करून ठेवली होती. सर्व्हरमध्ये वापरतात त्या ईसीसी रॅमचे तत्त्व याहून फार वेगळे नाही: ६४ बिटांसोबत ८ जादा बिटे साठवायची, म्हणजे एक चूक दुरुस्त करता येते आणि दोन झाल्या तर निदान कळतात. पुनरुक्ती हा साहित्यात दोष मानला जातो. जतनाच्या शास्त्रात पुनरुक्तीशिवाय दुसरे काही हाताशी नसते.

चौथे प्रकरण मी नऊ स्थळांवर पुन्हा लिहिले. सिद्धांत दुबळा झाला. 'असावा' हे क्रियापद फार वेळा आले. परिसंवादाच्या संयोजकांना दुरुस्तीचे पत्र पाठवले. आणि प्रस्तावनेत प्रतींचे वर्णन करताना अ, ब, क, ड यांच्यानंतर एक पाचवी नोंद केली: 'ग – संशोधिकेची संगणकीय प्रतिलिपी, २००८–०९. तेवीस स्थळी यांत्रिक भ्रष्टता. पाठनिश्चितीसाठी अग्राह्य.' बाईंनी ती नोंद दोनदा वाचली. मला वाटले, त्या काढून टाकायला सांगतील. "राहू दे," त्या म्हणाल्या. "प्रत आहे तर तिचं वर्णन हवं."

गेल्या वर्षी नवा संगणक घेतला. आता डीडीआर५ चे दिवस आहेत. पट्टीवर ६००० लिहिलेले होते आणि प्रतीक्षाकाळ ३० ठोक्यांचा. हिशेब केला: बरोबर १० नॅनोसेकंद. वीस वर्षांपूर्वीच्या उत्तम डीडीआर-४०० पट्टीचा प्रतीक्षाकाळ दोन ठोक्यांचा असे. तोही १० नॅनोसेकंदच. गती पंधरापट झाली, पण पहिले अक्षर आठवायला लागणारा वेळ तेवढाच राहिला. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत चुका दुरुस्त करण्याची सोय असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर मात्र ती सोय पहारा देत नाही. आणि ओव्हरक्लॉकिंग आता वेड राहिलेले नाही. एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो आणि इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी नावाचा एक पर्याय असतो. तो निवडला की काम झाले. ज्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ५२०० आहे त्याच्यासोबत पट्टी ६००० वर धावू लागते आणि वापरणाऱ्याला आपण काही ओलांडले हे कळतही नाही. दुकानातला मुलगा तो पर्याय निवडत होता तेव्हा मी त्याला थांबवले. पट्टी ४८०० वर ठेवून घेतली. त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिले.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच नियम सांगते: शोध लागला असे वाटले की आधी मूळ पानाचे छायाचित्र उघडा, मग आनंद करा. ते माना डोलावतात. मीही एकदा "हो" म्हटले होते, म्हणून त्या डोलावण्याची किंमत मला ठाऊक आहे.

हा लेख इथे देण्याआधी भावाला वाचायला पाठवला. मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांविषयी मी त्याला काही सांगत होते ते या मार्गानेच. दोन दिवस उत्तर आले नाही. मग आले. गुणोत्तरांच्या परिच्छेदात मी पाचास सहा आणि चारास पाच यांची अदलाबदल केली होती, ती त्याने दुरुस्त करून दिली होती. बाकी मजकुराविषयी एक शब्द नव्हता. खाली फक्त एवढेच होते: "ताई, ती पट्टी ५२०० ला तर लाव. रविवारी येतो, रात्रभर चाचणी लावून बघू."

मी "हो" म्हटले आहे.